मुरड

रात्री दहाला भट्टी पेटते.
बैल, डुक्कर, मेंढी, तिघांचं मांस एका मडक्यात,
वर पाणी, मीठ, मिऱ्याचे दाणे.
बाकीचं रात्र बघून घेते.

तूक्का, आमचा हिशेबनीस, दर पंचवीस तारखेला येतो
आणि म्हणतो, एवढं लाकूड परवडत नाही,
झाकण आवळून तासाभरात होतं की हे.
मी त्याला दुसऱ्यांदा वाढते.
तो मुकाट्याने ताटली पुसून खातो,
मग ओठ टिपून म्हणतो, तरीही परवडत नाही.

पहाटे चारला रायचं पीठ.
काळपट, हट्टी. गव्हासारखं ताणून घेत नाही,
कडेला लगेच फाटतं.
पारी अशी लाट, सासूबाई म्हणायच्या,
की खालच्या फळीच्या रेघा वाचता याव्यात.
मध्ये दुधात आटवलेला भात,
दोन्ही तर्जन्यांनी कडेला मुरड,
झाली पीराक्का.

मी वासाची, समुद्राकडची.
माझ्या माहेरी पाहुण्याला आधी विचारतात, परतीची बस कधी.
इथे कुणी काही विचारत नाही.
माणूस बुटांवरचा बर्फ झाडतो तोवर
सामोवार गुणगुणायला लागलेला असतो.

सासूबाईंचं नाव पालागा.
सीमा त्यांच्या गावाच्या अलीकडे सरकली तेव्हा त्या आठ वर्षांच्या.
निघताना आईने भट्टीतलं मडकं भट्टीतच ठेवलं.
जो कुणी येईल त्याला गरम मिळावं म्हणून,
की घाईत विसरली म्हणून,
यावर पालागा आणि त्यांची बहीण ओलिम्पी
शेवटपर्यंत भांडल्या.
अर्धं हॉटेल त्या भांडणावर उभं आहे.

मुरडणं म्हणजे मागे वळणं.
गुरांच्या डब्यातून ते कुणालाच जमलं नाही,
म्हणून असेल, बोटं दर पहाटे वळत राहिली.
पुढे एक चिमूट, मागे अर्धी.

गुरुवारी म्हातारे यायचे.
सुइस्तामोची नास्ती: "आमच्याकडे मुरड याहून बारीक."
साल्मीचा होमा: "भात? आमच्याकडे जव. भात म्हणजे शहरी थेर."
तिसरी कोर्पिसेल्काची, ती बोलायचीच नाही.
अंडं कालवलेल्या लोण्याकडे बघून नुसता सुस्कारा टाकायची
आणि जाताना चार पीराक्का रुमालात बांधून न्यायची.

रात्री भांडी घासता घासता मी विचारायचे,
कधी जमेल का मला?
पालागा म्हणायच्या,
चुका काढतात ना, म्हणजे पुढच्या गुरुवारी येतील.

आता जुलैत दुमजली बस येते.
माणसं भिंतीवरच्या भरतकामाला हात लावून बघतात,
ताटलीचा फोटो काढतात, पीराक्का गार होते.
सगळे म्हणतात, अस्सल!
ज्यांना ठाऊक होतं ते चौघे
चर्चमागच्या पाइनखाली आहेत.
ईस्टरला मी तिथे एकेक पीराक्का ठेवून येते.
खारी नेतात.
खारींची काही तक्रार नसते.

गेल्या पंचवीस तारखेला, बाहेर उणे सव्वीस,
दिवसभरात दोनच गिऱ्हाइकं,
त्यातला एक नुसता रस्ता विचारायला आलेला.
तूक्काने वही मिटली. कोट चढवला.
मग उभ्याउभ्याच
उरलेली पीराक्का दिव्यासमोर धरून म्हणाला,
"मागच्या महिन्यात एका बाजूला एकोणीस मुरडी होत्या.
आज सतरा."

मी त्याच्या अंगावरून कोट काढून घेतला.
बस, म्हटलं.
तिसऱ्यांदा वाढलं, हात न राखता,
आणि ते कुठेच लिहिलं नाही.